दयेचा वाफा

पाण्यावाचून झाडं मारणारे लोक पुष्कळ असतात. पाणी पाजून शंभरावर झाडं मारणारा आमच्या घाटंजीत मी एकटाच. आणि ती झाडं माझी नव्हती, सरांची होती.

मी तेव्हा तिथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. परिचर हा शब्द ऐकायला बरा वाटतो. काम म्हणाल तर काचपट्ट्या धुणं, टेबलं पुसणं आणि शिपाई जेवायला गेला की त्याच्या बदली घंटा वाजवणं. शास्त्राशी माझी ओळख दहावीला छत्तीस मार्कांवर थांबली होती आणि ती वाढवण्याची इच्छा ना मला होती ना शास्त्राला.

प्रयोगशाळेच्या मागे, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सरांचे चार वाफे होते. चारहींत एकच झाड, अश्वगंधा. आमच्याकडचे जुने लोक तिला आस्कंद म्हणतात. प्रत्येक वाफ्यापुढे पत्र्याची पाटी, आणि पाटीवर सरांच्या हातचा एकेक शब्द : ‘नीट’, ‘तहान’, ‘खार’, ‘ओरखडा’. ‘नीट’मधल्या झाडांना वेळच्या वेळी थोडं पाणी. ‘तहान’मध्ये पाणी बंद. ‘खार’मध्ये मिठाचं पाणी, आणि ‘ओरखडा’मध्ये दर सोमवारी सर स्वतः उकिडवे बसून एकेका पानाला नख लावत जात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांचं घरी काही बिनसलेलं दिसतं.

दिवाळीच्या सुट्टीत सर भाऊबिजेसाठी मारेगावकडे धाकट्या बहिणीच्या गावी निघाले. जाताना मला म्हणाले, "वाफ्यावर रोज येऊन पाह्यचं. फक्त पाह्यचं. समजलं?"

समजलं, म्हणालो. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि बायकोला दाखवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून एका दुपारी तिला हे वाफे दाखवायला घेऊन गेलो. ‘तहान’मधली झाडं कान पाडून उभी होती.

"हे मरून काहून राह्यले?" तिनं विचारलं.

प्रयोग आहे, असं सांगून मोकळं व्हायचं. पण कसला प्रयोग, हा तिचा पुढचा प्रश्न असता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "कोणी लक्ष देत नाही ना," असं म्हणून मी झारी उचलली. त्या दिवशी दहा झाऱ्या घातल्या. बायको खूश दिसली म्हणून दुसऱ्या दिवशी वीस. सर परत आले तेव्हा झाडं तरारून उभी होती आणि मी शाबासकी घ्यायला दारात उभा होतो.

सर वाफ्यापाशी गेले. बोटानं माती उकरली, नाकाशी नेली.

"कोणं पाजलं?"

"मी, सर."

"काहून?"

"दया आली, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन रंगाचा डबा आणि ब्रश आणला, पाटीवरच्या ‘तहान’वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘दया’.

"आता सुरू केली ना? मंग पुरती कर. रोज सकाळी वीस झाऱ्या, संध्याकाळी वीस. मी थांब म्हणेपर्यंत. एक दिवस खाडा झाला त माह्याशी गाठ हाय."

म्हणजे पहिल्या काही दिवसांचा दोष माझा आणि पुढच्या दोन महिन्यांचा सरांचा. पण गावात नाव माझंच झालं. पुढे एकदा बाहेरगावची तपासणी समिती आली. त्यातल्या एका साहेबांनी चष्मा सारखा करत विचारलं, ही ‘दया’ कोणती ट्रीटमेंट? सरांनी गंभीरपणे माझ्याकडे बोट केलं. "त्याचे संशोधक हे हायेत." साहेबांनी मला नमस्कार केला. मी हातातलं फडकं पाठीमागे लपवून नमस्कार घेतला.

सर उंच, सावळे, आणि सदरा असा की धुतल्यावर पिळून तसाच घातलेला. कॉलेजात त्यांच्याबद्दल दोन मतं होती. अर्धे लोक म्हणत डोक्यात फरक आहे, आणि उरलेले अर्धे म्हणत की फरक आधी होता, आता डोकंच पूर्ण गेलंय. प्रयोगशाळेत पंखा होता, पण त्याच्या बटणाची खुंटी सर खिशात ठेवत. मे महिन्यात आमच्याकडे लोखंडी खुर्चीला हात लावला तर हात मागे येतो, अशा दुपारी प्राचार्य एकदा आत आले, खुंटी शोधू लागले. सर म्हणाले, "सर, अंगालेही थोडं काम लागू द्या ना. सगळं बाहेरूनच देत राह्यलो त आतलं कवा जागं होइन?" प्राचार्य उभ्या उभ्या सही करून गेले. त्यांच्यातलं काही जागं झालं की नाही माहीत नाही, पण मेमध्ये ते पुन्हा आमच्याकडे फिरकले नाहीत.

‘बिचारं झाड’ हे दोन शब्द सरांसमोर उच्चारायला बंदी होती. कोणी उच्चारलेच, तर भुईनिंबाचं एक पान चावून खायचं. मुलामुलींना, प्राध्यापकांना, मला, सगळ्यांना एकच कायदा. भुईनिंब ज्यानं खाल्ला नाही त्याला कडू म्हणजे काय ते ठाऊक नाही. कारलं त्याच्यापुढे जिलबी. दयेच्या प्रकरणानंतर मी इतकी पानं खाल्ली की घरी बायकोच्या हातचं वरण मला काही महिने गोड लागत होतं, आणि ती ते कौतुक समजत होती.

स्वतः सर मात्र चहात चार चमचे साखर घेत. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, कडूचा एवढा पुरस्कार, आन् तुम्ही एवढं गोड?"

"मले कोणी चरते का? मी कायले कडू होऊ?"

वर्गात ते पुस्तकी मराठीत शिकवत. ‘जनुक’, ‘प्रतिकारशक्ती’, ‘पर्यावरणीय ताण’ असे शब्द खणखणीत यायचे आणि मुलं वहीत उतरवून विसरून जायची. मला मात्र त्यांनी हे सगळं वाफ्याच्या काठावर बसून सांगितलं, मी झाऱ्या रिकाम्या करत असताना.

"चोर आला त काय होते?"

"कुत्रं भुकते, सर."

"मंग?"

"मंग गल्ली जागी होते."

"हौ. झाडाच्या पेशीपेशीत असं कुत्रं झोपून असते. त्याले जनुक म्हणतेत. पाणी तुटलं, ऊन तापलं, मुळाशी बुरशी आली, का ते उठते अन् भुकते. मंग झाड आतल्या आत भिंती जाड करते, कडू रस काढते, सडका भाग स्वतःच मारून टाकते अन् बाकीचं वाचवते. झाडाले पाय नाहीत, लेका. पळता येत नाही. त्यानं जागच्या जागीच लढावं लागते."

"मग सगळीच का नाही लढत?"

"कुत्रं सगळ्यायच्या घरी हाय. एकाचं चोर भिंतीवर चढताना भुकते, दुसऱ्याचं चोर भांडे घेऊन गेल्यावर. फरक तेवढाच." असं म्हणून सर माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. मी झारी भरायला नळावर गेलो.

अश्वगंधेच्या मुळीत जे औषध असतं, तेही या झगड्यातलंच, असं ते सांगत. "औषध म्हणजे झाडाचं भांडण. त्याले कधी भांडूच दिलं नाही, त मुळीत काय उतरन? पाणी?"

ती आमच्याकडची कापसाची वाईट वर्षं. सकाळच्या एसटीतून उतरलेल्या माणसाच्या कपड्यांना फवारणीचा वास यायचा. बोंडअळी औषधं पचवू लागली होती आणि दर आठवड्याला दुकानात नव्या नावाचा डबा दिसायचा. सरांचं त्यावर म्हणणं असं, की आपण कापसाच्या घरी भाड्याचे पहारेकरी ठेवले आणि त्याचं स्वतःचं कुत्रं झोपवून टाकलं. बाजाराच्या दिवशी लोक थैल्या घेऊन सरांना शोधत यायचे. कापूस सोडून काय लावू? मुसळी लावू, कोरफड लावू, अश्वगंधा लावू? सर प्रत्येकाला तासभर माहिती देत. माती विचारत, विहीर विचारत. शेवटी माणूस म्हणे, "मंग सर, बी द्या ना थोडं." तिथे सर विषय बदलत. बी त्यांनी कोणालाही, एक चिमूटभरही, दिलं नाही. लोक म्हणत, मास्तर कंजूस.

कारण मला वाफ्यावरच कळलं. तीन वर्षांपूर्वी बहिणीनं सरांच्या शब्दावर कापूस मोडून दोन एकरांत अश्वगंधा लावली होती. बी बाजारचं. भादव्यात पाऊस लागला तो आठ दिवस हटला नाही, काळ्या मातीत पाणी साचलं आणि मूळकुजीनं दोन्ही एकर बसले.

"ताई काही बोलल्या?" मी विचारलं.

"तेच तर ना. काहीच बोलली नाही. यंदाही ओवाळलं, साडी घेतली, पुरणपोळी वाढली. वावराची गोष्टच नाही. दोन शिव्या दिल्या असत्या त मी निवांत जेवलो असतो." सरांनी एक ढेकूळ उचलून फोडलं. "आता तिले बी देइन त असं देइन, जे पाण्यातही उभं राहीन. एप्रिलमध्ये मी रिटायर. त्याच्याआधी देइन."

यासाठी त्यांनी बहिणीच्या वावरातली सडकी माती दोन पोती आणून चारही वाफ्यांत मिसळली होती. पण रोग काही येईना. जमीन मुरमाड, त्यात हा माणूस पाण्याला इतका चिकट की बुरशीलाही त्यांच्याकडे राहवेना. झाड बुडवायला त्यांचा हात व्हायचा नाही. तो माझा झाला. माझ्या चुकीवर सर रागावले का नाहीत, ते मला त्या दिवशी समजलं. मी मूर्ख होतो, पण त्यांना तीन वर्षं नेमका असाच मूर्ख हवा होता.

कार्तिक संपता संपता पहिलं झाड पिवळं पडलं. मग रोज पाच, रोज सात. सकाळी किती पडली ते मोजून फळ्यावर लिहायचं काम माझं. पडलेल्या झाडाची मुळी दाबली की पिकल्या केळ्यासारखी बोटांत पिचकायची. मी एकेकाला हळहळत उपटत होतो आणि सर माझ्यामागून उत्साहानं विचारत होते, "आज किती?" पाहणाऱ्याला वाटावं, यांना बक्षीस लागलंय. शेवटी ‘दया’च्या वाफ्यात अकरा झाडं उरली. आठवडा गेला, दुसरा गेला, अकराची दहा झाली नाहीत.

"थांब," सर म्हणाले. माझी झारी त्या दिवशी सुटली.

"वाचले बाप्पा, नशिबाचे," मी म्हणालो.

"नशिबाचे असतीन त मले त्यायचा उपयोग नाही. नशीब पेरता येत नाही."

त्यांना दोन गोष्टी पाहायच्या होत्या. या अकरांचं कुत्रं खरंच लवकर भुकतं का, ही पहिली. आणि आईचं कुत्रं लेकरांकडे येतं का, ही दुसरी. पहिलीसाठी नागपुरात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत जनुक कधी जागं झालं ते दाखवणारं मशीन होतं आणि ते एकदाच, दोन दिवस, मोकळं मिळणार होतं. पण पान तोडल्यावर त्यातला भुंकण्याचा निरोप लोण्यासारखा असतो, असं सर म्हणाले. जरा ऊब लागली की गेला. तोडलं की तिथल्या तिथे गोठवायचं. बर्फ पुरणार नाही, पातळ नायट्रोजन हवा. घाटंजीत पातळ नायट्रोजन कुठून आणणार?

गुरांच्या दवाखान्यातून. तालुक्याला दुसरं काही मिळो न मिळो, हे मिळतं. गाई भरवण्यासाठी बैलाचं बीज ज्या ॲल्युमिनियमच्या गोठणटाकीत ठेवतात, तसली एक छोटी टाकी सरांनी तिथल्या डॉक्टरांना गळ घालून दोन दिवसांसाठी आणली. सकाळी सहाला त्या अकरांच्या आणि ‘नीट’मधल्या अकरांच्या मुळांशी सडक्या मातीचं पाणी ओतलं. एक पान आधी, एक दुपारी बाराला, एक सहाला, एक दुसऱ्या दिवशी सकाळी. सरांनी गजराचं घड्याळ काखेत धरलं होतं. पान तोडायचं, कागदात घालायचं, तीन म्हणायच्या आत टाकीत. माझं दोन म्हणतानाच झालेलं असायचं. भीतीनं माणूस चपळ होतो.

टाकी घेऊन नागपूरला जायचं माझ्याकडे आलं. एसटीत ती मांडीत धरून बसलो. खड्डा आला की झाकणातून पांढरा धूर निघायचा.

"भाऊ, काय हाय यात? धूर काहून निघून राह्यला?" कंडक्टरनं विचारलं.

"धूर नाही. थंडी आहे."

"थंडी?" शेजारची बाई पुढे वाकली. "मंग आइसक्रीम हाय का?"

मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं टाकी ओळखली. "अबे, हा बैलाचा डबा हाय! डॉक्टर हायेत हे!"

मी नाही नाही म्हणेपर्यंत त्या बाईनं मला पूर्ण डॉक्टर करून टाकलं होतं. "डॉक्टरसाहेब, माह्या गाईले दोनदा भरवलं, राह्यलीच नाही. काय करू?"

आता काय सांगणार? माझ्या तोंडून सरांचंच वाक्य निघालं. "सुरुवात कधी झाली, ती वेळ लिहून ठेवा. वेळेत सगळं आहे." बाईनं मान डोलावली. यवतमाळ येईपर्यंत मी तीन गाई आणि एका म्हशीची केस पाहिली. पुढे चार महिन्यांनी आठवडी बाजारात ती बाई भेटली. गाय गाभण होती. तिनं मला वांगी दिली. मी घेतली. इतक्या उशिरा खरं सांगून तिचा विश्वास कायले मोडावा?

नागपूरहून पत्र आलं ते सर रिटायर व्हायच्या आठवड्यात. त्या अकरांत धोक्याची जनुकं सहा तासांच्या आत उठली होती. साध्या झाडांत दुसऱ्या दिवशी सकाळी. खाली त्या विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, एका पुडीसोबत बैलाच्या बीजाची एक नळी आली आहे, तिचं काय करू?

मी म्हणालो, "सर, झालं ना मग! सिद्ध झालं. ताईंना बी द्या."

"मशीन एवढंच सांगते का कुत्रं भुकलं. चोर पळाला का नाही, ते मातीच सांगन. अन् लेकरायचं त काहीच माहीत नाही."

निरोप समारंभात त्यांना शाल मिळाली. तिच्यात त्यांनी अकरा झाडांच्या बियांची बाटली गुंडाळली. उन्हाळ्यात वाफ्यांच्या जागी सायकल स्टँड उभा राहिला. मुलांच्या सायकली उन्हात तापत होत्या, हेही खरंच होतं. सर राहत होते माडीवरच्या भाड्याच्या खोलीत, तिथं कुंडीपुरतीही माती नव्हती. त्यांचा शब्द होता एप्रिलचा, आणि एप्रिल गेला होता. पहिल्यांदाच मी त्यांना चहा अर्धा ठेवताना पाहिलं. मीच म्हणालो, "सर, माझ्या घरी मागं जागा आहे."

आषाढात ते सायकलवर सडक्या मातीचं पोतं लादून आले. मी आदल्या दिवशी उन्हाचा, कोरडा, चांगला कोपरा झाडून ठेवला होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सगळं परसू फिरून ते मोरीचं पाणी जिथं साचतं तिथं थांबले.

"सूनबाई, ही जागा कोणाची?"

"माही. अळू हाय तिथं."

"अळू काढावं लागन."

"काहून जी?"

"इथं झाडं मारायची हायेत."

बायकोनं कपाळावर हात मारला. "पाहा बाप्पा! लोकं झाडं जगवायले जागा मागतेत. हे मारायले मागून राह्यले!"

मग सरांनी तिला सगळं सांगितलं. कुत्रं, चोर, अकरा झाडं. बहिणीचे दोन एकर सांगताना मात्र ते मोरीकडे तोंड करून बोलले. बायको उठली. आत गेली, विळा घेऊन आली आणि अळू कापायला बसली. त्या रात्री आम्ही अळूचं फदफदं खाल्लं, आणि पुढचे तीन दिवसही.

सरांनी दोन रांगा आखल्या, एक भिंतीकडची, एक अंगणाकडची. तीस जागा एकीत, तीस दुसरीत. एकीत बाजारचं बी, दुसरीत अकरांचं.

"कोणती कोणाची, सर?" मी विचारलं.

"तुले सांगणार नाही. तुह्या हातात झारी हाय अन् पोटात दया." त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, पाकिटात घातलं, डिंकानं बंद केलं आणि बायकोच्या हातात दिलं. "सूनबाई, फळं लाल होईपर्यंत हे तुह्याजवळ. फोडू नको."

"मी कायले फोडू? मले का झोप येत नाही?" असं म्हणून तिनं ते तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी ठेवलं.

आणि खरं सांगतो, माझी बायको बदलली. मोरीच्या तोंडाशी तिनं दोन विटा अशा बसवल्या की पाणी दोन्ही रांगांत सारखं जावं. एक रांग जास्त ओली दिसली की विटेला अंगठ्यानं सरकवून सारखं करायची. शेजारणीनं गंमत म्हणून भिंतीकडच्या रांगेत बादली ओतली, तर हिनं लगेच तेवढीच बादली दुसरीत ओतली. मी कधी डाळीच्या डब्याजवळ गेलो, की आतून आवाज यायचा, "डाळ मोजून राह्यले का?"

पाऊस लागला. दोन्ही रांगा सारख्याच उगवल्या, सारख्याच वाढल्या, आणि श्रावणात दोन्हींतली झाडं पिवळी पडायला लागली. दोन्हींतली! मी घाबरलो. सर दर रविवारी यायचे, पाहायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. बहिणीचं पत्र आलं होतं, पुढच्या वर्षी दोन एकर कापसालाच देते, म्हणून. ते पत्र सरांच्या सदऱ्याच्या खिशात घडी घालून असायचं, वरून दिसायचं.

भादव्यात भिंतीकडची रांग कोसळली. एकाच आठवड्यात बारा गेली. अंगणाकडची झाडं पडता पडता थांबली. मला झोप येईना. समजा अंगणाकडची साधी निघाली तर? चोर तोच, मोरी तीच, आणि अकरांची लेकरंच आडवी झालेली असली तर? मी बायकोला म्हणालो, "एकदा पाहू ना, फक्त पाहू." ती म्हणाली, "फक्त पाह्यची सवय तुमाले कवा होती?"

दोन रांगांच्या परागांची भेसळ नको म्हणून सरांनी फुलांवर कागदी पिशव्या बांधल्या होत्या, पौषात त्यांतली फळं लाल झाली. सर आले, उकिडवे बसून मोजलं. भिंतीकडे चार. अंगणाकडे एकवीस. बायकोनं डब्यातून पाकीट काढलं, डाळ झटकली, पुढे केलं. सरांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"तूच वाच, सूनबाई."

तिनं फोडलं. वाचलं. एकदा रांगांकडे पाहून खात्री केली.

"अंगणाकडची त्या अकराची हाय."

सरांनी पुन्हा एकदा मोजलं. मला वाटलं, आता हे उडी मारतील, नाहीतर रडतील. ते उठले, अंगणाकडच्या रांगेत गेले आणि रिकाम्या जागांकडे पाहत म्हणाले, "मंग हे नऊ काहून पडले?"

आणि मग हसायला लागले. त्यांना एवढं मोठ्यानं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. हसता हसता खाली वाकून उभ्या झाडांतल्या एकाला म्हणाले, "शाब्बास रे!" रुमालात फळं खुडून बांधली, खिशातलं बहिणीचं पत्र काढून त्याच रुमालात घातलं, आणि म्हणाले, उद्या पहिल्या गाडीनं मारेगाव, दोन्ही एकरांचं बी बहिणीच्या हातात ठेवतो, तेव्हाच पाणी पितो. सायकलवर टांग मारली ती एका पायात चप्पल नसताना. मी ओरडून सांगितलं, तर म्हणाले, राहू दे.

ती चप्पल हातात घेऊन मी परसात आलो. वाटलं, आता बायको अळूची जागा परत मागणार. ती दोन रांगांच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती, मोरीकडे पाहत.

"अवो, धावत जा," ती म्हणाली, "सर कोपऱ्यावरच असतीन. बहिणीले अर्ध्याच एकराचं बी द्या म्हणा यंदा. एका मोरीत जगलं त काय लय जगलं? पुढच्या पावसात मी मोरी तिकडून फिरवते. त्या कोपऱ्यातली माती अजून धड हाय, तिलेही सडवून पाहू."